खबर आणि अफवा

पूर, भूकंप, साथीचे रोग अशा आपत्तीत मोबाइल फोनवरचे संदेश माणसांचे प्राण वाचवतात. तेच संदेश कधी कधी माणसांना संकटातही लोटतात. सीना नदीच्या पुराच्या निमित्ताने माढ्यातील एका शिक्षकाने सोशल मीडियाच्या या दोन्ही बाजू प्रस्तुत पाठात सांगितल्या आहेत.

मुलांनो, आमच्या माढा तालुक्याच्या एका अंगाने भीमा वाहते आणि दुसऱ्या अंगाने सीना. भीमेवर उजनीचे मोठे धरण आहे, तिच्या काठी पंढरपूर आहे. त्यामुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक असते. सीना बिचारी साधी नदी. ती अहिल्यानगरजवळ उगम पावते, करमाळा, माढा, मोहोळ हे तालुके मागे टाकते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात कुडल येथे भीमेला मिळते. त्या संगमावर हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके ९४० मधला मराठी शिलालेख आहे. मराठीतील अतिशय जुन्या लेखांत त्याची गणना होते. मराठी शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा पाहावा. पण आज विषय वेगळा आहे.

आमचा जिल्हा कमी पावसाचा. वर्षाकाठी जेमतेम ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात सीनेच्या पात्रात मुले क्रिकेट खेळतात. आमच्याकडे पाण्याचे संकट म्हणजे पाणी नसणे, टँकरची वाट पाहणे, हंड्यांची रांग लावणे. सीनेला महापूर येईल आणि माणसांना घर सोडून पळावे लागेल, असे आमच्या तरुण पिढीला कोणी सांगितले असते तर ती हसली असती.

पण सप्टेंबर २०२५ मध्ये तसेच घडले. नदीच्या वरच्या भागात, म्हणजे अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत अतोनात पाऊस झाला. सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही परंडा भागातील धरणे भरून वाहू लागली आणि त्यांचे पाणी सीनेत उतरले. २२ आणि २३ सप्टेंबरला नदी पात्र सोडून शेतात आणि शेतातून गावात शिरली. माढा तालुक्यातील दारफळ, उंदरगाव, वाकाव, केवड, निमगाव अशा कितीतरी गावांची नावे त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. सोलापूर-पुणे महामार्गावर लांबोटीजवळ सीनेचा पूल आहे. तेथील वाहतूक थांबवावी लागली. लोकांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, लष्कराची मदत घ्यावी लागली. गोठ्यातली जनावरे दाव्यालाच मेली. ऊस आडवा झाला, सोयाबीन कुजले आणि कित्येक शेतांतली काळी माती पाण्याने खरवडून नेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. माती मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची असते.

पूर ओसरला आणि शाळा पुन्हा भरली. मी नववीच्या वर्गात गेलो तेव्हा मुलांना धडा नको होता, पुराच्या गोष्टी सांगायच्या होत्या. प्रत्येकाजवळ काहीतरी होते. एक मुलगी मात्र गप्प बसली होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, माझ्या नानीचे गाव वाहून गेले, असे अम्मीच्या फोनवर आले होते."

तिने सांगितलेली हकिकत मी येथे देतो. गावाचे नाव देत नाही, कारण असे कोणत्याही गावात होऊ शकले असते.

रात्री आठच्या सुमारास तिच्या अम्मीच्या फोनवर एक संदेश आला. "सीनाकाठचे हे गाव पूर्ण वाहून गेले आहे. एकही घर उरले नाही. हा संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवा." सोबत एक फोटो होता. चहूकडे पाणी आणि पाण्यावर नुसती छपरे दिसत होती. अम्मीने लगेच नानीला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. शेजारच्या घरचा लावला, तोही बंद. मग मात्र अम्मीचा धीर सुटला. मामू त्या वेळी माढ्यातच होते. त्यांनी मोटारसायकल काढली आणि रात्रीच्या अंधारात भर पावसात नानीच्या गावाकडे निघाले. वाटेत ओढ्यावरच्या पुलावरून गुडघाभर पाणी वाहत होते. मामू पाण्यात गाडी घालणार, इतक्यात तेथे उभ्या असलेल्या दोघा-तिघा गावकऱ्यांनी त्यांना अडवले आणि गाडीची चावी काढून घेतली. मामू त्यांच्याशी भांडले. ती माणसे तेथे नसती तर काय झाले असते, याचा विचारही नको.

अम्मी रात्रभर जानमाजवर बसून होती. पहाटे मुलीचा धाकटा भाऊ उठला. त्याने तो फोटो हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "अम्मी, या फोटोत नारळाच्या झाडांची केवढी मोठी रांग आहे! नानीच्या गावात तर बाभळी आहेत." बारा वर्षांच्या त्या मुलाने जे पाहिले ते घरातल्या एकाही मोठ्या माणसाने पाहिले नव्हते. फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच प्रांतातल्या, दुसऱ्याच वर्षीच्या पुराचा होता.

सकाळी सातला नानीचा फोन आला. कुणाच्या तरी दुसऱ्याच फोनवरून ती बोलत होती. "अगं, मी शाळेत आहे. सगळे शाळेत आहोत. फोनची बॅटरी संपली. तू रडतेस कशाला?"

गावात पाणी शिरले होते, हे खरे. नानीच्या घरात कमरेइतके पाणी होते, तिच्या दोन शेळ्या गेल्या. पण माणूस एकही गेले नव्हते. सगळे गाव दिवस मावळायच्या आत उंचावरच्या शाळेत आले होते. ते कसे, हा या गोष्टीचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे.

त्या दिवशी दुपारी गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर धरणातून पाणी सोडल्याचा संदेश आला होता. त्यात अमुक इतके हजार क्युसेक असा आकडा होता. मुलांनो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. पण हजारो क्युसेक म्हणजे माझ्या दारात किती पाणी, हे कोणाला कळणार? आकडा अगदी बरोबर असूनही माणूस जागचा हलत नाही, तो यामुळेच. त्या गटात गावचे एक वयस्क गृहस्थ होते. नदी त्यांनी जन्मभर पाहिलेली. त्यांनी नातवाकडून खाली लिहून घेतले, "एवढे पाणी आले तर दर्ग्याच्या ओट्याला लागेल. ओट्याच्या खालच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांनी आत्ताच निघावे. जनावरे सोडा." क्युसेकचा आकडा लोकांनी नुसता वाचला होता, ओट्याचे नाव ऐकताच ते उठले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. ग्रामपंचायतीच्या शिपायाने वस्त्यांवर जाऊन दवंडी दिली. पाणी ओट्याच्याही वर चढले. पण तोवर खालची घरे रिकामी झाली होती.

म्हणजे पाहा, नानीला वाचवले ते एका संदेशाने आणि मामूंना पुलावर नेले तेही एका संदेशानेच. दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या फोनवर आले होते. मग त्यांत फरक कोणता? पहिला संदेश कोणी पाठवला, ते सगळ्या गावाला ठाऊक होते. तो चुकला असता तर दुसऱ्या दिवशी लोकांनी त्या आजोबांना पारावर गाठून जाब विचारला असता. दुसऱ्या संदेशाला धनीच नव्हता. तारीख नव्हती, वेळ नव्हती, लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. होती ती फक्त "पुढे पाठवा" ही आज्ञा.

तुम्ही उर्दू शिकता, म्हणून तुम्हांला एक गंमत सांगतो. 'खबर' आणि 'अफवा' हे दोन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत. 'खबर'चे अनेकवचन 'अखबार'. अनेक खबरा एकत्र आल्या की अखबार होतो. 'अफवाह' हेही मुळात अरबी अनेकवचनच आहे आणि त्याचा अर्थ आहे 'तोंडे'. तोंडे एकत्र आली की अफवा होते! ज्यांनी हा शब्द प्रथम या अर्थाने वापरला असेल, त्यांना माणसांची चांगलीच पारख असली पाहिजे.

अफवा काही मोबाइलबरोबर जन्माला आली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. लोक थकून गाढ झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळून सुमारे दहा हजार माणसे मेली. सोलापूर जिल्ह्यालाही तो धक्का जाणवला. तेव्हा खेड्यात मोबाइल नव्हते. एखाद्या गावात टेलिफोन असला तर असला. कोणत्या गावात किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, हे कळायलाच फार वेळ गेला. पुढे कित्येक दिवस लोक घराबाहेर, उघड्यावर झोपत. "आज रात्री पुन्हा होणार" एवढे कोणी म्हटले की पुरे. आज तसा भूकंप झाला तर गावोगावची छायाचित्रे काही मिनिटांत सर्वत्र पोचतील आणि मदत लवकर निघेल, यात शंका नाही. पण या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. ज्या गावाचे सर्वांत जास्त नुकसान होते, त्या गावातून खबर सांगायला माणूसच उरत नाही. म्हणून आपत्तीत ज्या गावाचे संदेश धडाधड येत आहेत त्याच्याइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष जे गाव गप्प आहे त्याच्याकडे द्यावे लागते. फोनकडे पाहणाऱ्या माणसाला गप्प गाव दिसत नाही. सोशल मीडियाचा हा तोटा सहसा कोणी सांगत नाही. मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. शेतातल्या वस्तीवरची एकटी म्हातारी, नदीकाठी पाल टाकून राहिलेले मजूर, मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर यांचे फोटो कोण टाकणार?

आता फायद्याचे एक मोठे उदाहरण पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ राज्यात महापूर आला. छपरावर अडकलेली माणसे आपल्या फोनमधून आपण नेमके कोठे आहोत ते ठिकाण पाठवत होती. शेकडो मैल दूर बसलेले तरुण-तरुणी ते संदेश गोळा करत, दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करत आणि मगच ते सरकारी संकेतस्थळावर नोंदवत. समुद्रकाठच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि पुराच्या गावांत नेल्या. त्यांनी हजारो माणसांना बाहेर काढले. होडी चालवणारे हात होतेच. कोठे जायचे हे त्यांना फोनने सांगितले.

मात्र तेथेही एक अडचण आली. एखाद्या कुटुंबाची सकाळी सुटका होई, पण "वाचवा, वाचवा" हा त्यांचा संदेश दुपारी, रात्री, दुसऱ्या दिवशीही फिरतच राही. मदत करणाऱ्यांचा वेळ रिकाम्या छपरांवर जाई. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली तेव्हा हाच अनुभव आपण महाराष्ट्रातही घेतला. अमुक रुग्णालयात खाट शिल्लक आहे, अमुक ठिकाणी ऑक्सिजन मिळेल, अशा याद्या लोक मोठ्या तळमळीने पाठवत होते. त्या याद्यांमुळे अनेकांचे जीव वाचले. पण कित्येकदा यादी आपल्यापर्यंत येईतो ती खाट भरलेली असे आणि धापा टाकणाऱ्या रुग्णाचा मुलगा एकामागून एक क्रमांक फिरवत बसे. त्या याद्या खोट्या नव्हत्या, फक्त शिळ्या झाल्या होत्या. शिळे अन्न पोट बिघडवते, शिळी खबर त्याहून जास्त बिघडवते.

आणि खोटी खबर काय करते? ते सांगताना मला आमच्याच जिल्ह्यातले एक दुःख सांगावे लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात "मुले पळवणारी टोळी आली आहे" असे संदेश देशभर फिरत होते. त्यांतली एक चित्रफीत तर फार गाजली. मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, पालकांनी मुलांची काळजी घ्यावी हे समजावून देण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत तो माणूस मूल परत आणून सोडतो आणि हातातला फलक दाखवतो. कोणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. पाहा, खोटे बोलण्यासाठी काही नवे रचावेही लागले नाही. खऱ्यातले थोडे काढून टाकले, एवढेच.

त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातून गेलेले पाच भटके तेथे भिक्षा मागत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती गरीब माणसे. भिक्षेसाठी गावोगाव हिंडणे हीच त्यांच्या वाडवडिलांपासूनची रीत. कोणीतरी संशय घेतला. फोनवरच्या संदेशांनी लोकांची मने आधीच पेटलेली होती. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून मारून त्यांचे प्राण घेतले. तेथे ना पूर होता ना भूकंप. आपत्ती होती ती फक्त अफवेची. माढ्यापासून मंगळवेढा लांब नाही. बातमी आली त्या दिवशी आमच्या शाळेत कोणी फारसे बोलले नाही.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कायदाही आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ यातील कलम ५४ नुसार आपत्तीविषयी खोटी भीती पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तरीही अफवा थांबल्या नाहीत. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीच्या मांसातून करोना होतो अशी हूल उठली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना कोंबड्या मातीमोल भावाने विकाव्या लागल्या.

काही जण म्हणतात, मग फोनच नको, मुलांच्या हाती तर मुळीच नको. मला हे पटत नाही. नारळाची झाडे ओळखली ती एका मुलानेच. आज हवामान खात्याचा इशारा, त्याचे पिवळा, नारंगी आणि लाल हे रंग, धरणाच्या विसर्गाची माहिती हे सारे घरबसल्या समजते. वीज पडण्याच्या धोक्याची सूचना देणारे 'दामिनी' आणि सर्व प्रकारच्या आपत्तींचे सरकारी इशारे देणारे 'सचेत' ही अॅप आहेत. यांतले काहीही किल्लारीच्या काळी नव्हते. पण पुरात वीज जाते, डीपी पाण्यात बुडते, टॉवर बंद पडतो आणि हातातला फोन म्हणजे काचेचा नुसता तुकडा उरतो, हेही नानीच्या गोष्टीत आपण पाहिले. म्हणून भोंगा हवा, दवंडी हवी. आणि महत्त्वाचे क्रमांक फोनमध्ये असले तरी भिंतीवरही लिहिलेले असावेत: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. मदत हवी असेल तर आधी येथे फोन करावा, गटावरचा संदेश नंतर. गटातल्या दोनशे माणसांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले तरी त्याने बोट येत नाही.

त्या दिवशी वर्गात धडा झालाच नाही. मी फळ्यावर एक संदेश लिहिला: "खूप पाणी आलंय. माणसं अडकली आहेत. लवकर मदत पाठवा. सर्वांना पाठवा." मग मुलांना म्हटले, "समजा तुम्ही बोट घेऊन निघाला आहात. या संदेशावरून तुम्ही कोठे जाल?"

वर्ग हसला. मग एकेक जण उभा राहू लागला. "सर, गाव कोणते ते नाही." "वस्ती सांगायला पाहिजे." "किती माणसे?" "सर, कधीचे आहे हे? आजचे की कालचे?" मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "लहान मुले आहेत का, म्हातारे आहेत का, तेही लिहायला पाहिजे. त्यांना आधी उचलावे लागेल." हा मुलगा एरवी निबंधाच्या चार ओळीही लिहीत नाही. त्या दिवशी मात्र मी त्याच्या सांगण्यावरून लिहीत होतो.

पाऊण तासाने फळ्यावरचा मजकूर असा झाला: "सोमवार, रात्री ९ वाजून ४० मिनिटे. नदीकाठची खालची वस्ती, गावाच्या उत्तरेला, पाण्याच्या टाकीजवळ. पत्र्याच्या घरावर सात माणसे आहेत. त्यांत एक आजी आणि दोन लहान मुले. पाणी पत्र्यापासून हातभर खाली आहे, वाढत आहे. १०७७ ला कळवले आहे. मी स्वतः पाहून लिहीत आहे." खाली लिहिणाऱ्याचे नाव आणि त्याचा फोन क्रमांक यांसाठी जागा सोडली.

मी खडू खाली ठेवला. तेव्हा ती मुलगी, जिच्या नानीची गोष्ट मी सांगितली, पुढे आली. "सर, एक राहिले," असे म्हणून तिने खडू उचलला आणि त्या संदेशाच्या खाली, थोडी जागा सोडून, दुसरा संदेश लिहिला: "मंगळवार, सकाळी ७. सातही माणसे सुखरूप बाहेर आली. शाळेत आहेत. वरचा संदेश आता कोणीही पुढे पाठवू नये."

शब्दार्थ

आपत्ती – आफत, मोठे संकट. विसर्ग – धरणातून सोडलेले पाणी. दावे – जनावर बांधण्याचा दोर. दवंडी – ओरडून गावाला दिलेली सूचना, मुनादी. हूल – खोटी आवई. जाब विचारणे – जबाब मागणे. धनी – मालक. येथे जबाबदारी घेणारा. पाल – कापडाचे तात्पुरते घर. डीपी – गावाला वीजपुरवठा करणारा विजेचा खांब व पेटी.

स्वाध्याय

१. मामू रात्री नानीच्या गावाकडे का निघाले? त्यांना कोणी अडवले?

२. धरणाच्या पाण्याचा आकडा बरोबर असूनही लोक जागचे का हलले नसते? आजोबांनी काय केले?

३. 'खोटी खबर' आणि 'शिळी खबर' यांतील फरक पाठातील उदाहरणे देऊन लिहा.

४. आपत्तीत गप्प असलेल्या गावाकडे जास्त लक्ष का द्यावे लागते, असे लेखकाला वाटते? तुम्हांला ते पटते का?

५. पुढील शब्द वाक्यांत वापरा: जाब विचारणे, धीर सुटणे, मातीमोल होणे, सुखरूप.

६. खबर, मदत, तालुका, जिल्हा, हकिकत असे उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे चालणारे आणखी दहा शब्द पाठातून व घरच्या बोलण्यातून शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत थोडा बदलला आहे, ते शिक्षकांना विचारा.

७. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वयस्क माणसाला त्यांनी पाहिलेल्या पुराची, दुष्काळाची किंवा भूकंपाची हकिकत विचारा. त्या वेळी त्यांना खबर कोणी दिली, कशी दिली आणि ती खरी निघाली का, ते दहा-बारा ओळींत लिहा.